मार्थाचा ठराव

आमच्या मंडळीत नवा माणूस आला की त्याचं स्वागत होतं, चहा होतो आणि तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, "मग तुम्ही चर्चमध्ये काय करता?" याला "गातो", "पेटी वाजवतो", "संडे स्कूल घेतो", "दानार्पण मोजतो", अगदीच काही नाही तर "खुर्च्या लावतो" यांपैकी कुठलंही उत्तर चालतं. "येतो, बसतो, ऐकतो आणि घरी जातो" हे उत्तर मात्र चालत नाही. असं म्हणणारा माणूस एक तर दुसऱ्या मंडळीतून भांडून आला असावा, नाही तर चर्चच्या जागेचा वाद बघायला आलेला वकील असावा, असा संशय घेतला जातो. दोन्ही संशय खोटे ठरले, तर पुढच्या रविवारी त्याला कापणीच्या सणाच्या समितीत घेतात. मंडळीत एखादा माणूस नुसता बसलेला दिसावा, ही आम्हाला नाचक्की वाटते.

याला इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं मांडलं. त्यांनी आम्हाला शाळा दिल्या, दवाखाने दिले, गायनाची पुस्तकं दिली आणि जाता जाता कमिटी देऊन गेले. पुढे शाळा थकल्या, दवाखाने थकले. कमिटी मात्र वर्षागणिक तरुण होत गेली. आज नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मंडळीत दहा माणसं जमली, तर त्यांत अकरा पदाधिकारी सापडतात, कारण एक जण दोन ठिकाणी असतो.

आता आमचं वर्ष बघा. एकतीस डिसेंबरच्या रात्री बाराला आम्ही प्रार्थनेत गुडघ्यांवर असतो, आणि बारा वाजून पाच मिनिटांनी केक कोण कापणार यावर उभे असतो. तिथून जे उभे राहतो ते पुढच्या डिसेंबरापर्यंत. उपवासकाळ हा खरं तर थांबण्याचा काळ. पण त्यात दर शुक्रवारी घरसभा, घरसभेला पाहुणे वक्ते, वक्त्यांना आणायला गाडी आणि गाडीत पेट्रोल कोणी टाकायचं यावर सभा. झावळ्यांच्या रविवारी झावळ्या आणायच्या. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना. त्यात ख्रिस्तानं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात वक्ते बोलतात. वेळ सगळ्यांना सारखा असतो, पण पहिला वक्ता दुसऱ्याचा खातो, दुसरा तिसऱ्याचा, आणि सातव्याला प्रस्तावना व समारोप एकाच श्वासात करावा लागतो. पाचवा उद्गार तहानेचा आहे. तोपर्यंत श्रोत्यांना त्यावर वेगळं प्रवचन लागत नाही. सहावा काम पुरं झाल्याचा आहे. तो वाचला गेला की मागच्या बाकांवर आशा पालवते, पण वक्ता तेव्हा कुठे सुरू होत असतो.

मग कापणीचा सण. बाजरीचं पोतं, ऊस, भोपळे, अंड्यांच्या टोपल्या आणि पाय बांधलेल्या कोंबड्या वेदीपुढे मांडल्या जातात. उपासना संपली की लिलाव. ज्यानं घरून भोपळा आणला तोच चढी बोली लावून तो विकत घेतो, पुन्हा देवाला अर्पण करतो, आणि तो भोपळा परत लिलावात उभा राहतो. दुपारपर्यंत सगळी मंडळी ओरडून घोगरी झालेली असते. अख्ख्या देवळात एका जागी शांत बसून सगळं नीट ऐकणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे कोंबडी; आणि तीही स्वखुशीनं नव्हे.

नाताळाचं तर बोलायलाच नको. चांदणी टांगायची, गव्हाणीत गवत भरायचं, रात्री घरोघर गायला जायचं आणि प्रत्येक घरी करंजी खायची. बेथलेहेममध्ये मुक्कामाला जागा नव्हती म्हणतात. आमच्या गायनमंडळाच्या पोटात अकराव्या घरी ती तशीच नसते. बाळ येशू जन्माला आला तेव्हा सगळं शांत होतं, असं गाणं गाताना आमचा ढोलकीवाला सगळ्यात रंगात येतो.

या सगळ्या धामधुमीत दर वर्षी एक रविवार येतो, त्या दिवशी पाळकसाहेब मार्था आणि मरीया यांच्यावर प्रवचन करतात.

गोष्ट लहानशी आहे. लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायाच्या शेवटच्या पाच वचनांत ती उरकते. बेथानी हे यरुशलेमपासून तीनेक किलोमीटरवरचं गाव. तिथे मार्था नावाच्या बाईनं येशूला आपल्या घरी उतरवून घेतलं. तिची बहीण मरीया त्याच्या पायांशी बसून बोलणं ऐकू लागली. मार्था पाहुणचाराच्या धावपळीत. शेवटी तिचा तोल गेला आणि तिनं येऊन तक्रार केली. येशूनं तिला समजावलं की तू उगाच शंभर गोष्टींची दगदग करून घेतेस, गरज एकीचीच आहे, ती मरीयेनं निवडली आहे आणि ती तिच्याकडून कोणी काढून घेणार नाही. संपलं. लूक वैद्य होता असं म्हणतात. त्यामुळे स्वयंपाकात काय काय होतं, बरोबर शिष्य किती होते आणि शेवटी जेवण झालं की नाही, यांतलं काहीही त्यानं लिहिलेलं नाही. पण पाहुणा बारा शिष्य घेऊन हिंडतो हे ठाऊक असताना तेरा पानांचा अंदाज न धरणारी बाई निदान आमच्या जिल्ह्यात तरी जन्माला आलेली नाही.

या प्रवचनाची मोठी गंमत अशी, की ते ज्यांच्यासाठी असतं त्यांना ते कधीच ऐकायला मिळत नाही. पाळकसाहेब मरीयेच्या एकाग्रतेवर येतात तेव्हा महिला मंडळातल्या निम्म्या बायका मागच्या दारानं चहाच्या पातेल्याकडे निघालेल्या असतात. आशीर्वाद उच्चारला जातो त्या क्षणी चहा उकळलेला लागतो. न उकळल्यास पुढच्या मीटिंगला विषय निघतो. म्हणजे बसून ऐकावं हा उपदेश बसून ऐकतात फक्त पुरुष. ते मान डोलावतात, मरीयेचं कौतुक करतात आणि बाहेर येऊन मार्थानं केलेला चहा पितात. पाळकसाहेब त्या दिवशी जेवायला एखाद्या घरी असतातच. तिथल्या मावशी पहाटेपासून मटणाला लागलेल्या असतात आणि त्यांचं दर्शन पाळकसाहेबांना फक्त वाढताना होतं. "मावशी, बसा ना तुम्हीही," असं ते प्रत्येक वाढपाला म्हणतात, आणि दर वेळी ताट थोडं पुढे करतात.

चित्रकारांनी ही लबाडी फार पूर्वी ओळखली. नेदरलंड्समधल्या पीटर आर्टसेननं १५५२ साली ही गोष्ट रंगवली. ते चित्र आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. बघणाऱ्याच्या अंगावर येते ती मांसाची एक भली थोरली तंगडी. शेजारी पाव, कापड, फुलं, भांडी. आणि पार मागे, डोळे बारीक करून शोधावं तेव्हा, बोटभर उंचीचा ख्रिस्त आणि त्याच्या पायांशी बसलेली नखभर मरीया. आमच्या वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ करायला याहून योग्य चित्र नाही. पुढे १६१८ साली व्हेलास्केझनं सेव्हिलमध्ये हाच विषय घेतला, तेव्हा तो पुरता वीस वर्षांचाही नव्हता. त्याच्या चित्रात स्वयंपाकघरातली एक पोरगी खलबत्त्यात काही कुटते आहे. समोर मासे, अंडी, लसूण, लाल मिरची. येशू आणि दोघी बहिणी कोपऱ्यातल्या एका चौकटीत. पोरीचा चेहरा असा, की आता रडेल नाही तर बत्ता फेकून मारेल. तिच्या मागे एक म्हातारी बोट दाखवून काहीतरी सुनावते आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत हे चित्र आहे. त्या म्हातारीचं बोट नक्की कशाकडे आहे यावर जाणकार लिहीत असतात; आमच्याकडे कुणालाही विचारा, ती महिला मंडळाची अध्यक्षा आहे आणि लसूण कमी पडला असं सांगते आहे.

एकूण काय, मार्थाची बाजू घेणारे लोक नेहमीच होते. दक्षिण फ्रान्समधल्या तारास्कों गावची दंतकथा तर अशी, की मार्था पुढे तिकडे गेली आणि गाव गिळणाऱ्या एका राक्षसी प्राण्याला तिनं पवित्र पाणी शिंपडून गरीब केलं, आणि कमरेच्या पट्ट्यानं बांधून गावात आणलं. कुठंही गेली तरी समोर आलेलं काम तिनं सोडलं नाही. कॅथलिक पंचांगात २९ जुलै हा दिवस तिचा. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्या दिवसात मरीया आणि लाजर या भावंडांनाही घेतलं. बिचारीचा वर्षातला एक सण, त्यातही घरी माणसं वाढली.

याच्या उलट, मरीयेचं नाव सांगून आळस करणारेही होते. इजिप्त-सिनायच्या वाळवंटातल्या जुन्या साधूंच्या गोष्टींत सिल्वानस नावाच्या मठाधिपतीची एक गोष्ट येते. त्यांच्या मठात एक पाहुणा साधू आला. सगळे बंधू घाम गाळून काम करताहेत हे पाहून त्यानं नाक मुरडलं आणि सुनावलं, की नाशवंत अन्नासाठी कसले राबता, मरीयेनं चांगला वाटा निवडला होता. सिल्वानस काही बोलले नाहीत. त्यांनी शिष्याला सांगितलं, यांना एक पुस्तक दे आणि एका रिकाम्या खोलीत बसव. पाहुणा वाचत बसला. दुपारचे तीन, म्हणजे त्यांच्या जेवणाची वेळ झाली. पुस्तकापेक्षा त्याचं लक्ष दाराकडे जास्त. कोणी बोलवायला येईना. शेवटी तो उठून सिल्वानस यांच्याकडे गेला आणि विचारलं, आज बंधू जेवले नाहीत का? जेवले की. मग मला का बोलावलं नाही? सिल्वानस म्हणाले, आपण आध्यात्मिक पुरुष, आपल्याला या अन्नाची काय गरज? आम्ही देहाची माणसं, आम्हाला खावं लागतं म्हणून राबतो. आपण चांगला वाटा निवडलात, दिवसभर वाचलंत. पाहुणा पाया पडला. तेव्हा सिल्वानस यांनी त्याला सांगितलं, की मरीयेलाही मार्था लागते. मरीयेचं कौतुक झालं ते मार्थामुळंच. ही गोष्ट मी आमच्या तरुण संघाला सांगितली. त्यांना ती फार आवडली. ते म्हणाले, पण मग शेवटी त्या पाहुण्याला जेवण मिळालं ना?

तर काम वाईट नाही. मग मार्थाचं चुकलं कुठे? मला विचाराल तर तिचं स्वयंपाकघरात काही चुकलं नाही, ती बाहेर आली तेव्हा चुकलं. वैतागलेल्या गृहिणीचा आमच्याकडचा रिवाज असा, की आधी भांडी वाजतात. मग पोराच्या नावानं शंख होतो. मग बहिणीला दाराआडून खूण होते. मार्थानं यांतलं काही केलं नाही. ती थेट पाहुण्यापुढे उभी राहिली आणि तिनं तीन गोष्टी मांडल्या. तक्रार बहिणीविरुद्ध : हिनं मला एकटीला कामात टाकलं. ठपका पाहुण्यावर : तुला याचं काहीच वाटत नाही? आणि ठराव असा, की पाहुण्यानं बहिणीला उठून मदत करण्याचा आदेश द्यावा. सूचक मार्था. अनुमोदक कोणी नाही. ज्याचं ऐकायला घरी बोलावलं त्यालाच काय बोलायचं ते लिहून दिल्याचा हा प्रकार.

त्यावर येशूनं तिला उत्तर देताना तिचं नाव दोनदा घेतलं. आजी हट्टी नातवाला दोनदा हाक मारते तसं, रागावून नव्हे. आणि त्या उत्तरात स्वयंपाक बंद कर असं कुठंही नाही. फक्त ठराव नामंजूर झाला.

हा ठराव आम्ही अजून रोज मांडतो आणि त्याला प्रार्थना म्हणतो. कुठल्याही घरसभेत जाऊन बघा. प्रार्थनेची सुरुवात देव सर्वज्ञ आहे या कबुलीनं होते आणि लगेच त्याला माहिती पुरवणं सुरू होतं. अमुक भाऊ आजारी आहेत, सिव्हिल हॉस्पिटल, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला, खिडकीजवळची कॉट. सर्वज्ञ देव चुकून उजवीकडे वळू नये ही काळजी. मुलीचं जमावं म्हणून प्रार्थना असेल, तर मुलाची उंची, शिक्षण, पुण्यातला फ्लॅट आणि शक्यतो एकुलता एक, इथपर्यंत तपशील जातो. आणि काही प्रार्थनांचं तोंड वर असलं तरी रोख शेजारच्या बाकाकडे असतो : हे प्रभू, ज्यांनी मागच्या सणाचा हिशेब अजून दिलेला नाही, त्यांच्या अंतःकरणाला तू स्पर्श कर. डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांना उत्तर देता येत नाही, आणि "आमेन" न म्हणावं तर संशय येतो. मीटिंगमध्ये जे बोलता येत नाही ते प्रार्थनेत बोलता येतं, हे आमच्याकडच्या अनुभवी लोकांनी ओळखलेलं आहे.

देव काही म्हणतो की काय, यासाठी मध्ये जागा कुठे ठेवलेली नसते. कागदावर असते. उपासनेच्या क्रमात "मौन प्रार्थना" असं छापलेलं असतं. पाळकसाहेब सांगतात, क्षणभर शांत राहू या. पहिल्या दहा सेकंदांत दोघं खोकतात. पुढच्या दहा सेकंदांत कोणाचा तरी फोन वाजतो, आणि तो बंद करण्याच्या घाईत तो चालू होतो, व पलीकडून "अहो, येताना कोथिंबीर आणा" असं सगळ्या मंडळीला ऐकू येतं. मग कीबोर्डवाल्या पोराला राहवत नाही. कोणीच काही करत नाही म्हणजे आपण काहीतरी वाजवायला हवं, अशी त्याची समजूत असते. तो हळूच एक लांबट सूर धरतो. सगळे सुटकेचा श्वास सोडतात. एवढी शांतता पडली की आम्हाला वाटतं लाइट गेली.

याच धर्मात क्वेकर नावाचे लोकही आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये त्यांचा पंथ निघाला. त्यांची जुन्या पद्धतीची सभा म्हणजे पाळक नाही, गायन नाही, क्रम नाही. सगळे गोल किंवा समोरासमोर गप्प बसतात. कोणाला आतून वाटलं तर तो उठून चार शब्द बोलतो, नाही वाटलं तर तासभर कोणीच बोलत नाही, आणि शेवटी हात मिळवून घरी जातात. आमच्या सेक्रेटरींना मी हे सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सूचना कोण वाचतं?" मी म्हटलं, सभेनंतर वाचत असतील. "आणि आभार?" आभार मानले गेले नाहीत तर ती सभा झाली असं ते धरायला तयार नव्हते.

तरीसुद्धा शांततेची महती आमच्या कानावर आलेली आहे, हे मान्य केलं पाहिजे. कॅथलिकांकडे इग्नेशियस लोयोलाच्या काळापासून तीस दिवस मौन पाळण्याची साधना आहे. आपल्या लोणावळ्याला साधना इन्स्टिट्यूट आहे. ती सुरू करणारे फादर अँथनी डिमेलो मुंबईत जन्मलेले. १९७८ साली त्यांचं 'साधना' हे पुस्तक निघालं, त्यातला पहिलाच पाठ गप्प बसण्याचा. हे ऐकून आमच्या कमिटीनंही एक "एकांत शिबिर" घेतलं, पाचगणीला. एकांताला बस भरून माणसं गेली. शिबिरासाठी व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत त्यावर इतके संदेश आले, की शांततेची तहान तिथंच निर्माण झाली. पाचगणीला पोचल्यावर बॅनर लावला, बॅनरपुढे फोटो झाला, फोटोत कोण मध्ये उभं राहिलं यावर थोडी नाराजी झाली. मौनाच्या तासासाठी शांतता समिती नेमलेली होती. ती तासभर मैदानावर फिरून माइकवरून "कृपया शांतता राखा" असं सांगत होती. संध्याकाळी अनुभवकथनाचं सत्र ठेवलं, त्यात मौनात काय ऐकू आलं ते सांगायचं होतं. बहुतेकांना "कृपया शांतता राखा" हेच ऐकू आलं होतं.

कामानं दमलेल्या भक्ताशी देव कसा वागतो, याचा मासला जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत आहे. तो आमच्या सेक्रेटरींना माहीत आहे, पण आवडत नाही. एलीयानं कर्मेल डोंगरावर मोठा कार्यक्रम केला. आकाशातून अग्नी उतरला, बआलाचे संदेष्टे हरले, पाऊस आला. त्या पावसात तो अहाब राजाच्या रथापुढे धावत गेला. एवढं सगळं यशस्वी झाल्यावर ईजबेल राणीचा एक निरोप आला, आणि या माणसाचं अवसान गळालं. तो पळत रानात गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, मला मरण दे. यावर देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. मग देवदूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूतानं पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. दमलेल्या सेवकावरचा पहिला इलाज म्हणजे झोप आणि भाकर, तीही दोन वेळा. आमच्याकडे दमलेल्या सेवकाला "कार्यकर्त्यांचा थकवा : कारणे व उपाय" या विषयावर तीन दिवसांच्या सेमिनारला पाठवतात, आणि तिथल्या भोजनव्यवस्थेची जबाबदारी त्याच्याकडेच देतात.

पुढे होरेब डोंगरावर देवानं एलीयाला विचारलं, इथे काय करतोस? एलीयानं अहवाल दिला. मी फार आवेशानं काम केलं, बाकी सगळ्यांनी तुला सोडलं, मीच एकटा उरलो. मग डोंगर फोडणारा वारा आला, त्यात देव नव्हता. भूकंप झाला, त्यात नव्हता. अग्नी आला, त्यातही नव्हता. नंतर एक अगदी मंद आवाज आला. एलीयानं तोंडावर झगा ओढून घेतला आणि तो गुहेच्या तोंडाशी उभा राहिला. पुन्हा तोच प्रश्न आला, इथे काय करतोस? आणि या माणसानं तोच अहवाल पहिल्यापासून पुन्हा वाचला. शब्दसुद्धा बदलला नाही. '१ राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं दहावं आणि चौदावं वचन शेजारी ठेवून बघावं. वारा, भूकंप, अग्नी आणि साक्षात देवाचा आवाज, एवढं मध्ये होऊन गेलं तरी "मीच एकटा" जागचं हललं नाही. तेव्हा देवानं त्याला पुढची कामं सांगितली आणि सहज सांगावं तसं हेही सांगितलं, की बआलापुढे गुडघा न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात शिल्लक आहेत. सात हजार माणसं बाजूला होती आणि हा त्यांच्यातून अहवाल देत धावत गेला होता. मंडळीसाठी आपण एकटेच मरतो आहोत असं ज्याला वाटतं, त्याला शेजारच्या बाकावर कोण बसलं आहे हे पाहायला सवड झालेली नसते.

आता कोणी म्हणेल, ऐकत बसणं हे मठातल्या लोकांना ठीक. संसार आणि संस्था चालवणाऱ्यानं काय करावं? त्यासाठी फार लांब जायला नको. दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९६-९७ चा दुष्काळ आणि नंतर १९०० चा दुष्काळ, या काळात तिथे मुली-बायका येतच राहिल्या, आणि आकडा दीड-दोन हजारांच्या घरात गेला. एवढ्यांचं जेवण, कपडे, विहिरी, शेती, शाळा, छापखाना. तेरा पानांनी मार्था टेकीला आली. इथे रोज हजारांवर पानं. आणि ही बाई या सगळ्या रगाड्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत बसली. अनेक वर्षं ते काम चाललं. १९२२ साली त्या गेल्या त्याच्या थोडंच आधी ते पुरं झालं, आणि मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापून १९२४ साली बाहेर आलं. भाषांतर करणाऱ्याला देवाला सूचना करता येत नाही. तो काय म्हणाला तेवढंच लिहावं लागतं, आणि ते कळेपर्यंत पुढच्या ओळीवर जाता येत नाही. त्या काळात केडगावच्या स्वयंपाकघरात काय कमी असेल ते असो, ऐकणारीची कमी नव्हती.

टिळकांच्या घरी ही वाटणी वेगळी होती. रेव्हरंड टिळक देवाच्या आणि कवितेच्या नादात असत आणि लक्ष्मीबाई घरात. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, पाहुणे मात्र टिकत. लक्ष्मीबाईंच्या आठवणींचं 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं की त्या घरातली मार्था नुसती राबत नव्हती. बारकाईनं ऐकतही होती, नाहीतर एवढं सगळं बोलणं तिच्या लक्षात कसं राहिलं असतं? आणि तक्रारीच्या जागी ती हसली. मार्थांना हा तिसरा मार्ग आहे, हे प्रवचनात कोणी सांगत नाही.

खुद्द बेथानीच्या मार्थाचं पुढे काय झालं, तेही प्रवचनात क्वचित येतं. तिची गोष्ट लूकमध्ये थांबली तरी योहानात ती आणखी दोनदा भेटते. एकदा भाऊ लाजर वारला तेव्हा. येशू येतो आहे असं कळताच ती वाटेवर सामोरी गेली. मरीया घरातच बसून राहिली. मार्थानं सुरुवात तक्रारीनंच केली, की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. पण या वेळी तक्रारीला ठराव जोडला नाही. ती थांबली, तो काय म्हणतो ते तिनं ऐकून घेतलं, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस अशी कबुली दिली. पेत्रानं दिलेल्या कबुलीच्या तोडीची ही कबुली स्वयंपाकघरातल्या बाईची आहे. लगेच कबरेपाशी, धोंडा काढा म्हटल्यावर, तिनं आठवण केली की चार दिवस झाले आहेत, आता वास येत असेल. मेलेला माणूस उठायची वेळ आली तरी तिचं घर नीटनेटकं ठेवण्याचं भान सुटलं नाही. ते सुटावं असं येशूनंही कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्यांदा ती भेटते वल्हांडणाच्या सहा दिवस आधी. बेथानीतच पंगत होती, आणि लाजर जिवंत होऊन जेवायला बसला होता. योहान मोजून सांगतो, की मार्था वाढत होती. मरीया याही वेळी येशूच्या पायांशीच होती. तिनं जटामांसीचं महागडं तेल त्याच्या पायांना लावलं आणि सगळं घर सुवासानं भरलं. म्हणजे वाढायला एकटी मार्था, आणि बहीण पुन्हा बसलेली. परिस्थितीत काडीचा फरक नाही. मरीयेविरुद्ध ठराव या वेळीही आला : एवढं तेल तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना का दिलं नाही? तीनशे दिनार म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. ठराव मांडणारा यहूदा इस्कर्योत. पैशाची थैली त्याच्याकडे असे; आजच्या भाषेत कोषाध्यक्ष. गरिबांचं नाव पुढे करून मांडलेला इतका बिनतोड ठराव आमच्या कमिटीत एकमतानं मंजूर झाला असता. त्याला अनुमोदन द्यायला त्या घरात मार्थाइतकं योग्य माणूस दुसरं नव्हतं, बहिणीच्या बसण्याचा जुना हिशेब तिच्याकडे होता. पण योहानानं तिचा एकही शब्द नोंदवलेला नाही. सूचक यहूदा, अनुमोदक पुन्हा कोणी नाही. आणि मार्थाला अजून अर्धी पंगत वाढायची होती.